एसई सिव्हिल, चौथा सेम : सबमिशनपासून ओरलपर्यंत

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळी नऊलाच गर्दी असते. प्रत्येकाच्या हातात मागच्या बॅचच्या कुणाच्या तरी फाईली, कुणाला इंडेक्स पाहिजे, कुणाला सर्टिफिकेट पेज, आणि सेमीलॉग पेपर (एक खास ग्राफ पेपर) तर त्या आठवड्यात शोधूनही मिळत नाही, कारण जिओटेकच्या, म्हणजे मातीच्या विषयाच्या, लिक्विड लिमिट या टेस्टला तोच लागतो आणि अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी लागतो. मी सेकंड इयर सिव्हिलला आहे, मूळची बार्शीची, पुण्यात आंबेगावला तिघींच्या रूमवर कॉट बेसिसवर राहते, चौथा सेम नुकताच संपलाय. सगळं डोक्यात ताजं आहे आणि ज्युनिअर पोरी विचारायला लागल्यात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची बॅच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नची, म्हणजे २०१९ च्या अभ्यासक्रमाची. त्यात एका विषयाची इनसेम (सेमच्या मधली परीक्षा) ३० मार्कांची, एंडसेम (शेवटची) ७० ची, इनसेमला पहिले दोन युनिट आणि एंडसेमला उरलेले चार. हे फक्त थिअरीचं. टर्मवर्क, प्रॅक्टिकल, ओरल वेगळं आणि त्याच्या आधी सबमिशन, म्हणजे सेमभर जे प्रयोग केले त्यांचे राईटअप हातानं लिहायचे, प्रत्येकावर सही घ्यायची, फाईल लावायची. सही नाही तर टर्म ग्रँट, म्हणजे सेम पूर्ण केल्याची मान्यता, नाही, आणि टर्म ग्रँट नाही तर पुढचं सगळंच अडकतं. चौथ्या सेमला जिओटेक, सर्व्हे, काँक्रीट टेक्नॉलॉजी, स्ट्रक्चरल अॅनालिसिस आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट, त्यातल्या पहिल्या तिन्हींच्या फाईली चांगल्या जाडजूड होतात.

जानेवारीत ठरलेलं असतं की आठवड्याला एक राईटअप, आठवड्याला एक सही. पण मध्ये इनसेम येते, गॅदरिंग येतं, कधी लॅब दुसऱ्या बॅचला दिलेली असते, कधी सर पेपर तपासायला बाहेर गेलेले असतात, आणि ते सगळं साठत साठत एप्रिलात एकदम अंगावर येतं. आमच्याकडं फाईल चेकिंग, मॉक ओरल, असाइनमेंट, पीबीएलचं (प्रोजेक्टवर आधारित विषयाचं) प्रेझेंटेशन आणि ७५ टक्क्यांच्या खाली हजेरी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट हे सगळं एकाच आठवड्यात आलं. प्रत्येक विषयाच्या सरांनी आपापली तारीख दिली आणि ती प्रत्येक तारीख वेगळी धरली तर रास्तच होती. पण पाच जणांनी दहा मिनिटं एकत्र बसून एक कॅलेंडर बघितलं असतं ना, तर निम्मा ताण तिथंच कमी झाला असता. हे मी रागानं नाही म्हणत, मला मनापासून वाटतं की हे करणं अवघड नाहीये आणि कुणीतरी करायला पाहिजे.

आता लिहिण्याबद्दल. एम (उद्देश), अॅपरेटस, थिअरी, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन टेबल, कॅल्क्युलेशन, रिझल्ट, कन्क्लुजन. ठरलेला साचा. समोर जुनी फाईल उघडी ठेवायची आणि ओळीला ओळ उतरवायची. रात्री साडेदहाला बसलं की दोन-अडीचपर्यंत, मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडतो, मान आखडते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात चालू असतो आणि डोकं बंद. आमच्या वर्गात कोअर कटरचा (जागेवरच्या मातीची घनता मोजायचं नळकांडं) राईटअप सगळ्यांनी लिहिला, पाच-पाच पानं, पण रस्त्याच्या कामावर तो कशासाठी नेतात हे मॉक ओरलला विचारल्यावर वर्ग गप्प. दोष पोरांचा नाही, उतरवताना वाचलंच जात नाही. लोक म्हणतात इंजिनिअरिंगच्या पोरांना अभ्यासाचा ताण येतो, माझ्या अनुभवात अभ्यासानं इतकं दमायला होत नाही, उतरवून काढण्यानं होतं. आईचा रात्री फोन यायचा, "काय करायलीस? जेवलीस का?" आणि मी लिहायलेय म्हणलं की ती खूश व्हायची, पोरगी अभ्यास करतीय म्हणून, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

रूमवरची ताई फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं त्या आठवड्यात माझ्याकडून स्कूटीची चावी काढून घेतली. तिचं म्हणणं असं की सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची प्रतिक्रिया द्यायची गती रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंद होते, यावर अभ्यास झालेत, आणि मी सकाळी सातला उठून रात्री अडीचला झोपतेय म्हणजे रोज त्या हद्दीच्या पुढं जातेय. कात्रज-आंबेगावच्या बाजूला हायवेची वाहतूक कशी असते ते पुण्यातल्यांना सांगायला नको. मी पीएमटीनं जायला लागले. बसमध्ये वीस मिनिटं डोळा लागायचा तोसुद्धा उपयोगी पडला. ताईनं अजून एक नियम घातला, चहा संध्याकाळी सहानंतर बंद, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि मग दोनला पाठ टेकली तरी झोप लागत नाही. हा नियम पाळायला खूप जड गेला पण पाळला.

सर्व्हेचं फार सांगण्यासारखं नाही. भर उन्हात ग्राउंडवर ट्रॅव्हर्स, म्हणजे एका स्टेशनवरून दुसऱ्यावर मोजत जायचं, थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लेव्हल करताना बबल मध्ये येईपर्यंत घामानं आयपीस धूसर होतो, मग शेवटच्या स्टेशनवरून पहिल्यावर परत आलं की क्लोजिंग एरर किती येते ते बघायचं आणि बाऊडिचच्या नियमानं ती प्रत्येक लाइनच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायची. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा रीडिंग लिहून घ्यायला इतका काटेकोर होता की एरर मर्यादेत बसली, बाकीच्या ग्रुपला दोनदा जावं लागलं. शीट काढायला मात्र दोन रात्री गेल्या.

जिओटेकचं सांगते, कारण या सेममधलं माझ्यासाठी सगळ्यात मोठं तेच.

लॅबमध्ये जी माती असते ती पोत्यातली, कुठली ते कुणालाच माहीत नसतं. होळीला घरी गेले होते तेव्हा येताना आमच्या रानातली काळी माती दोन-तीन किलो पिशवीत घालून आणली. आई म्हणाली माती कशाला न्यायलीस पुण्याला, पप्पा काही बोलले नाहीत. आणण्यामागचं कारण आमचं घर. घर रानातच आहे, काळ्या जमिनीवर, आणि पूर्वेकडच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग खाली जोत्यापर्यंत जाते. उन्हाळ्यात त्यात रुपयाचं नाणं उभं बसतं, पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते. पप्पा दर दिवाळीला सिमेंट भरतात, रंग देतात, आणि मे महिन्यात ती परत तिथंच उघडते. मला कळायला लागल्यापासून ती भेग बघतेय, आणि घरात कायम असंच बोललं जायचं की गवंड्यानं काम नीट केलं नाही.

मॅडमला विचारलं की लॅबच्या मातीऐवजी माझ्या मातीवर टेस्ट केल्या तर चालेल का. त्या म्हणाल्या कर, पण वेळ तुझा जाईल, मी थांबणार नाही. चेकिंगचा आठवडा तोंडावर होता आणि ग्रुपमधल्या दोघी म्हणाल्या कशाला, जुनी रीडिंग आहेत की. मी तरी केलं. लॅबचे काका संध्याकाळी सहापर्यंत लॅब उघडी ठेवायचे माझ्यासाठी, त्यांचे उपकार आहेत.

पहिल्यांदा ओव्हनमध्ये वाळवणं. वाळलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ फोडायला किती जोर लागतो ते करून बघितल्याशिवाय कळत नाही, लाकडी मोगरीनं हात भरून आले. मग ४२५ मायक्रॉनची चाळणी. फ्री स्वेलसाठी, म्हणजे माती पाण्यात किती फुगते ते बघायच्या टेस्टसाठी, चाळलेली माती १०-१० ग्रॅम दोन काचेच्या मोजपात्रांत घ्यायची, १०० मिलीच्या, एकात केरोसीन आणि दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर, काचेच्या कांडीनं हलवून बुडबुडे घालवायचे आणि २४ तास तसंच ठेवायचं. बाकी काही नाही, यंत्र नाही, बटण नाही. दुसऱ्या दिवशी लेक्चर संपल्या संपल्या पळत गेले. केरोसीनमधली माती १० मिलीच्या खुणेवर होती, पाण्यातली १९ वर. तीच माती, तेवढंच वजन, आणि पाण्यात जवळजवळ दुप्पट. फॉर्म्युल्यात घातलं की ९० टक्के. ५० च्या पुढं गेलं की त्या जमिनीवर पाया घालताना सांभाळून राहायचं असं शिकवलेलं असतं, वहीत दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी फाईलवरून ते वाक्य मी पण उतरवलेलं होतं. पण त्या दोन काचा शेजारी-शेजारी बघितल्या आणि मला आमची भिंत दिसली.

काळी माती म्हणजे आपल्या दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली, तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पातळ थरांचं असतं आणि त्या थरांच्या मध्ये पाणी शिरून बसतं म्हणून माती फुगते, वाळली की आकसते. केरोसीनला ती तसं आत घेत नाही, म्हणून तुलनेला केरोसीन. आता घराखाली काय होतं, तर मधल्या भागावर घराचं छत आहे, तिथली माती फारशी भिजत नाही आणि फारशी वाळत पण नाही, पण कडेची माती पावसात भिजते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणजे कोपरे वर-खाली होतात आणि मधलं जागेवर. भिंत मग जिथं कमजोर तिथं फाटते आणि खिडकीचा कोपरा हीच कमजोर जागा. वर्षानुवर्षं सिमेंट आपण वर भरत होतो आणि हलत होती खालची जमीन.

त्याच मातीचं लिक्विड लिमिट पण काढलं. कॅसाग्रांडेच्या कपात श्रीखंडाइतकी घट्ट मळलेली माती, मध्ये ग्रूव्हिंग टूलनं खाच, हँडल सेकंदाला दोन फेरे या वेगानं फिरवायचं, प्रत्येक फेऱ्याला कप १० एमएमवरून पडतो, आणि खाच खाली १२ एमएम लांबीपर्यंत मिटली की थांबायचं, ठोके लिहायचे. २५ ठोक्यांना जेवढं पाणी असतं ते लिक्विड लिमिट. काळी माती हाताला, स्पॅट्युलाला, काचेला सगळ्यालाच चिकटते, नखांतून दोन दिवस निघत नाही. प्लास्टिक लिमिटला तीच माती तळहातानं काचेवर वळायची, ३ एमएम जाडीचा दोरा होऊन तुटायला लागला की ते पाणी मोजायचं. माझं लिक्विड लिमिट आलं ६२, प्लास्टिक लिमिट २९, फरक ३३, मातीचा प्रकार ठरवायच्या चार्टवर ए-लाइन नावाच्या रेषेच्या थोडं वर, म्हणजे सीएच, जास्त चिकण आणि जास्त दबणारी माती. हा राईटअप मी कुणाच्याही फाईलमध्ये न बघता लिहिला आणि एका तासात झाला. इतर वेळी दोन तास लागायचे. मी दमलेली तेवढीच होते, पण त्या रात्री लिहिताना एकदाही घड्याळ बघितलं नाही.

पप्पांना फोन करून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, गवंड्यानं तेव्हाच सांगितलं होतं की काळी काढून खाली मुरूम लागेपर्यंत जा, पण पैसे संपत आले होते म्हणून वरच थांबलो. म्हणजे त्या माणसाला माहीत होतं. आमच्या सिलॅबसमध्ये हेच सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) लेअर म्हणून आहे, आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी त्यावर काम केलंय, फुगणारी माती काढून तिथं न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर दाबून घालायचा, आणि आपल्याकडं त्याला बऱ्याचदा मुरूमच वापरतात. गवंड्याला इतकी वर्षं आम्ही घरात बसून नावं ठेवत होतो.

काँक्रीटची गोष्ट वेगळी, तिथं अडचण कॅलेंडरची. ताकद तपासायला टाकायचे काँक्रीटचे क्यूब १५० एमएमचे, एम२० ग्रेडचे, पण कॉम्प्रेशन मशीन मध्ये बंद पडल्यामुळं सगळ्या बॅचेसचं शेड्यूल पुढं गेलं आणि आमचे क्यूब २८ मार्चला टाकले गेले. २८ दिवसांचं रीडिंग म्हणजे २५ एप्रिल. फाईल द्यायची शेवटची तारीख २३. सिमेंटला कुणी घाई करू शकत नाही, ते त्याच्या वेळानंच घट्ट होणार, आणि डेडलाईन काही हलणार नाही. अशा वेळी बहुतेक जण जुन्या फाईलीतला आकडा घालतात, आणि मला कळतं का घालतात ते. आम्ही चौघांनी जाऊन मॅडमना सांगितलं की सात दिवसांचं रीडिंग आहे, २८ चं पान कोरं ठेवतो, ओरलच्या आधी भरून सही घेतो. त्यांनी इंडेक्सवर पेन्सिलनं खूण केली आणि चालेल म्हणाल्या. विचारलं की लोक ऐकतात बऱ्याचदा.

२५ ला दुपारी टँकमधून क्यूब काढले, पुसले, मशीनमध्ये ठेवले. लोड मिनिटाला १४ न्यूटन पर चौरस एमएम या गतीनं वाढवायचा, म्हणजे एका क्यूबला जेमतेम दोन मिनिटं, आणि शेवटी कट्ट असा आवाज येऊन बाजूचे तुकडे सुटतात, मधला भाग डमरूच्या आकाराचा उरतो. ५९०, ६१२ आणि ६०४ किलोन्यूटन. भागिले क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ २२५०० चौरस एमएम, सरासरी पावणेसत्तावीस न्यूटन पर चौरस एमएमच्या आसपास. एम२० साठी मिक्स डिझाइनमध्ये जे टार्गेट धरलेलं ते २६.६. महिनाभर आधी वहीवर मांडलेली गणितं समोर फुटलेल्या दगडातून बरोबर निघाली, आम्ही चौघं तिथंच ओरडलो. काका म्हणाले, आधी झाडून घ्या.

सह्यांच्या दिवसाबद्दल एवढंच की सकाळी नऊ ते चार स्टाफरूमच्या बाहेर जमिनीवर बसून होतो, मेसचा डबा तिथंच खाल्ला, आणि पाठीमागून कुणीतरी झोपून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, कोण होती ते मी बघितलंसुद्धा नाही, हलले नाही फक्त.

ओरलला जिओटेकचे एक्सटर्नल परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, आवाज शांत. फाईल चाळता चाळता थांबले. सगळ्या फाईलींत फ्री स्वेलचा तोच तोच आकडा आणि माझ्यात ९०, म्हणून विचारलं ही रीडिंग तुझी? हो म्हणलं, घरच्या रानातली माती आहे सर, बार्शी. मग त्यांनी जुना प्रश्न विचारलाच नाही. केरोसीन का, पाणी नळाचं घेतलं असतं तर काय, भेग नेमकी कुठून कुठं जाते, घर बांधून किती वर्षं झाली, झाडं आहेत का जवळ. लिंबाचं झाड आहे म्हणलं पूर्वेला, तर ते म्हणाले मग त्या बाजूची माती झाड पण वाळवतं, हे लक्षात ठेव. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग अंडर-रीम्ड पाईलवर गेले, काळ्या मातीसाठी रुरकीच्या सीबीआरआयनं (सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट) विकसित केलेला तो पाया, खाली फुगीर बल्ब असतो म्हणजे माती वर उचलायला लागली तरी तो धरून ठेवतो, तेवढं मला येत होतं. काँक्रीटच्या ओरलला विचारलं क्यूब मशीनमध्ये ठेवताना टाकतानाची वरची बाजू कुठं होती. बाजूला, कारण थापीनं सारखी केलेली वरची बाजू पूर्ण सपाट नसते. हे पण स्वतः ठेवला होता म्हणून आलं.

पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) आणि थिअरीबद्दल फार लिहीत नाही. सहा तास झोप ठरवली होती आणि बऱ्यापैकी पाळली. स्ट्रक्चरल अॅनालिसिसला रोज सकाळी स्लोप डिफ्लेक्शन पद्धतीची दोन गणितं पूर्ण शेवटपर्यंत सोडवली, बाकी विषयांना मागचे पेपर.

ज्युनिअर पोरींनी विचारलं म्हणून सांगते. लॅब मॅन्युअल मिळालं की पहिल्यांदा बघा कुठल्या टेस्टला दिवस लागतात, क्यूबला २८, ओव्हनला एक, फ्री स्वेलला एक, त्या आधी लावून टाका. सेमीलॉग पेपर फेब्रुवारीतच घेऊन ठेवा. सही त्याच आठवड्यात घ्या, मॅडम घाईत असल्या तरी दारात उभं राहा. आणि प्रत्येक विषयात निदान एक प्रयोग असा पकडा ज्याचं रीडिंग तुमचंच असेल, घरची माती, गावची वाळू, काहीही चालतं, विचारलं तर बहुतेक सर-मॅडम नाही म्हणत नाहीत.

पप्पांना यंदा दिवाळीनंतर घराला दोन खोल्या जोडायच्यात. मे महिन्यात गेले की आधी तिथं खड्डा घेऊन बघायचा ठरलंय, मुरूम किती खोल लागतो ते, आणि फूटाफूटावरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून आणायची. जुन्या गवंड्याचा नंबर पप्पांनी शोधून काढलाय, त्यांनाच बोलवायचं म्हणतायत.